कोबेची पोरं

केबिन रोडवर नारळ घेताना शेवंतीनं सवयीनं तो कानाशी धरून हलवला, आत पाणी वाजतंय ना ते पाहिलं, आणि मगच तिच्या डोक्यात आलं की ह्या नारळात पाणी असलं काय नि नसलं काय, हा काही वाटून आमटीत घालायचा नाही. उद्या सकाळी खाडीवर पळसाच्या देठांचा एक माणूस करायचा होता, आणि हा नारळ त्या माणसाचं डोकं होणार होता. माणूस म्हणजे तिचा नवरा, अमृत. बारा वर्षांपूर्वी बोटीवर गेलेला आणि परत न आलेला. ज्याचं प्रेत नाही, खबर नाही, त्याचं बारा वर्षांनी असंच करतात म्हणे. पुतळा करायचा, मंत्र म्हणून त्याला अग्नी द्यायचा आणि मग दहावं-तेरावं रीतसर. म्हणजे जाणारा सुटतो आणि मागचेही सुटतात, असं भटजी म्हणाले होते. नारळवाल्या भय्यानं विचारलं, "बाई, शेंडी रखू या निकालू?" शेवंती गडबडली. डोक्याला शेंडी ठेवायची असते की नसते हे विचारायचंच राहिलं होतं. "रहने दो," ती म्हणाली, नारळ पिशवीत तिळाच्या पुडीशेजारी टाकला आणि वळली. आणि वळली तेवढ्यात समोरून ते गाणं आलं.

आधी नुसत्या टाळ्या. मग विजेच्या गिटारीचा तो थरथरता आवाज, थंडीत कुडकुडणाऱ्या माणसासारखा. मग पाचही पोरं एकदम, गळा काढून. एकही शब्द कळत नाही, पण कुणाला तरी पलीकडच्या काठावरून हाका मारताहेत एवढं कळतं.  गाणं ओळखायला शेवंतीला टाळीसुद्धा पुरी लागली नव्हती. अहो, अख्ख्या भाईंदरात, मुंबई धरली तरी चालेल, हे गाणं एकाच घरात होतं आणि ते घर तिचं होतं. रेडिओवर हे लागत नाही, लग्नात वाजत नाही. जपानातल्या कुठल्याशा पाच पोरांचं हे गाणं, लांब केसांची, बँडवाल्यांसारखे झालरीचे कोट घातलेली पोरं. त्यांच्या टोळीचं नाव म्हणजे जिभेची कसरत, अमृत ते ऐटीत म्हणायचा, शेवंतीला कधी जमलं नाही. ती आपली मनातल्या मनात 'कोबेची पोरं' म्हणायची, कारण अमृतची बोट कोबेच्या बंदराला लागायची. ती कोबेची पोरं आता केबिन रोडवर, भजीच्या गाडीच्या धुरात, भर संध्याकाळी कोकलत होती. आवाज येत होता तो सदूच्या दुकानातून. सदू रेडिओ, पंखे, इस्त्र्या दुरुस्त करायचा. दुकानाच्या फळीशी एक माणूस रस्त्याकडे पाठ करून उभा होता. पांढरा शर्ट. रुंद खांदे. मागे वळवलेले केस.

तो आलाय, असं तिच्या मनानं तिला न विचारताच ठरवून टाकलं. आलाय, आणि घरी यायच्या आधी गाणं ऐकतोय. हे तर अगदी त्याच्यासारखंच. शेवंतीचे पाय रस्त्याला चिकटले. बांगड्यांच्या गाडीवाली गुजराती बाई तिच्याकडे बघत म्हणाली, "बेन, लेना है तो देखो, नहीं तो बाजू हटो, गिराक आती है." शेवंतीनं उगाच एक हिरवी बांगडी हातात घेतली आणि ती हिरवी आहे असं दिसल्यावर विस्तवासारखी खाली टाकली. बारा वर्षं ती काचेची बांगडी घालायची, कुंकू लावायची, उद्यापासून नाही. गेले चार दिवस आळीतल्या बायका येऊन तिच्या कपाळाकडे बघून डोळे पुसत होत्या, आणि तीही त्यांच्याबरोबर पुसत होती, पुसावेत म्हणून. आता मात्र तिला रडू येत नव्हतं, हर्ष होत नव्हता, धावत जाऊन त्या पाठीवर हात ठेवावा असंही वाटत नव्हतं. तिला भीती वाटत होती. साधीसुधी, नागडी भीती.  नवरा जिवंत दिसला म्हणून कुठल्या बाईला असं होतं? तिनं स्वतःलाच विचारलं, आणि उत्तर यायच्या आत मान खाली घालून पदर ओढला. त्या पाठीनं वळून आपल्याला बघू नये, एवढंच तिच्या मनात होतं.

अमृत मारकुटा नव्हता बरं का. उगीच मेलेल्या, नाहीतर जिवंत असलेल्या माणसावर आळ नको. दारू नाही, शिवी नाही. उलट गावातल्या पोरी जळायच्या तिच्यावर, बोटीवरचा नवरा, येताना साबण आणतो, सेंट आणतो, नायलॉनच्या साड्या आणतो. शेवटच्या सुट्टीत त्यानं ते टेपचं मशीन आणलं. पेटीएवढं, वर कडी, पुढे पेटीच्या सुरांसारखी बटणं. खारीगावातल्या चाळीत तेव्हा रेडिओसुद्धा दोघांकडेच. सगळी आळी दाराशी जमली. अमृतनं सगळ्यांना चहा पाजला, बटण दाबून दाखवलं, मग दार लावून घेतलं आणि शेवंतीला समोर बसवलं. "आता ऐक," तो म्हणाला. "हे गाणं म्हणजे काय आहे ते बघ." आणि गाणं सुरू झाल्यावर तो गाणं ऐकायचा नाही. तो तिच्या तोंडाकडे बघायचा. गुडघ्याला गुडघा लावून, पापणी न लववता. गाण्यात एका ठिकाणी सगळी वाद्यं गप्प होतात आणि एकच पोरगा हळू म्हणतो, तिथे तिच्या तोंडावर काहीतरी उमटायला हवं होतं. काय, ते तिला कळायचं नाही. ती डोळे मिटून बघायची, मान हलवून बघायची, हसून बघायची. गाणं संपलं की तो विचारायचा, "आवडलं?" ती म्हणायची, आवडलं. "काय आवडलं?" आता काय सांगणार, कपाळ! रत्नागिरीकडच्या खेड्यातली पोर, तिनं कधी भजनाच्या पलीकडे काही ऐकलेलं नाही. ती म्हणायची, आवाज चांगला आहे. त्याचा चेहरा पडायचा. रागवायचा नाही, बोलायचाच नाही. एकदा तिला मधेच जांभई आली, दिवसभर पाणी भरून दमली होती बिचारी, तर तो दोन दिवस तिच्याशी बोलला नाही, आणि तिसऱ्या दिवशी तेच गाणं त्यानं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

सुट्टी संपून, मशीन घरी ठेवून आणि ते गाणं बरोबर घेऊन तो गेला तेव्हा तिला मोकळं वाटलं होतं. ते मोकळं वाटणं तिनं कुणाला सांगितलं नाही, स्वतःलाही नाही. दिवस गेलेत हे तिला नंतर कळलं; त्याला कधीच कळलं नाही. पुढे त्याच्याच बोटीवरचा गाववाला दाजी एकटाच घरी आला. दाराबाहेर चपला काढून खूप वेळ उभा राहिला. कोबेला अमृत किनाऱ्यावर उतरला तो परत आलाच नाही, बोट सुटायची वेळ झाली, भोंगा झाला, कप्तानानं वाट बघितली आणि बोट सुटली. पळाला म्हणावं तर कपडे, पैसे, सगळं बोटीवर. बुडाला म्हणावं तर कुणी पाहिलं नाही. उतरताना त्यानं दाजीच्या हातात एक कॅसेट दिली होती, म्हणाला, मला वेळ लागला तर ही आपली तुझ्याकडे असू दे, घरी पोचव. त्या कॅसेटमध्ये कोबेच्या पोरांची गाणी होती, त्यानं निवडून निवडून भरलेली, आणि प्रत्येक गाण्याच्या आधी त्याचा आवाज. 'शेवंते, आता हे ऐक. हे त्यांचं सगळ्यात भारी. इथे मधे बाजा थांबतो तिकडे लक्ष दे.' 'हे दुसरं घाईत ऐकू नकोस, काम बाजूला ठेव.' एका गाण्याआधी तर म्हणतो, 'हे चुकून भरलं गेलंय, फालतू आहे, हे सोडून दे.' सासू गोदूबाई तो आवाज ऐकून मशीनला मिठी मारून रडली. सासरे बाबाजी बाहेर जाऊन उभे राहिले. शेवंती रडली नाही. ती नीट बसली. पाठ ताठ करून, हात मांडीवर ठेवून, परीक्षेला बसल्यासारखी. कारण आवाज सुरू झाला की तो समोर बसून बघतोय असंच तिला वाटायचं, आणि ते वाटणं बारा वर्षांत तसूभर कमी झालं नव्हतं. गोदूबाई दर रविवारी, सणावाराला ती कॅसेट लावायला लावायची. शेवंती लावायची. त्यानं सोडून दे म्हटलेलं फालतू गाणं मात्र तिला आवडायला लागलं होतं. साधंच होतं, अंगाईसारखं. ते चालू असताना तिचे खांदे सैल पडायचे, आणि मग भीती वाटायची की त्याला हे दिसलं असेल.

सदूच्या दुकानातलं गाणं संपत आलं होतं. आता अमृतचा आवाज येईल, 'शेवंते' म्हणेल, सगळ्या केबिन रोडला ऐकू येईल. शेवंती तिथून निघाली. निघाली म्हणजे काय, पळाली. भाजीवाल्यांच्या टोपल्या चुकवत, कुणाच्या तरी सायकलीला पिशवी अडकवत, नारळ गुडघ्यावर आपटत. ती गल्लीत शिरली तेव्हाच तिला कळलं की आपण काय केलं ते. नवरा समोर उभा असेल आणि आपण त्याचं डोकं पिशवीत घालून त्याला जाळायला पळतोय. उद्या सकाळी अग्नी दिला की झालं. मग तो दारात आला तरी कायद्यानं, धर्मानं मेलेला. पण भटजी त्यावरही बोलले होते. गोदूबाईनं विचारलं होतं, "आणि समजा, पुतळा जाळल्यावर माझा बाबू आलाच, तर ओ?" भटजी हसले. म्हणाले, "आई, त्याचीही सोय आहे. त्याला तुपानं न्हाऊ घालायचं, जन्माला आला म्हणायचं. बारशापासून सगळं पुन्हा. लग्नसुद्धा पुन्हा, आणि ते ह्याच बायकोशी." गोदूबाई डोळे पुसता पुसता हसली होती. शेवंती भिंतीशी बसून तांदूळ निवडत होती, तिच्या हातातले दाणे सुपात सांडले. पुन्हा लग्न. पुन्हा गुडघ्याला गुडघा. 'आवडलं?' आणि आता बारा वर्षांचं सगळंच त्याला दाखवायचं. स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात ती जाते, पॉलिश झालेल्या वाट्या-ताटं पुसून कागदात गुंडाळते, बोटं काळी पडतात. सासऱ्यांचं दुखणं ती काढते. घरात काय शिजायचं ते ती ठरवते. चौथीपर्यंत शिकलेली ती आता मुकादमाशी हिंदीत भांडते. तो हे सगळं समोर बसून बघेल आणि त्याचा चेहरा पडेल.

घरी पोचली तेव्हा दिवेलागण व्हायची होती. बाबाजी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेले. ते गेल्या महिन्यात हट्टाला पेटले होते की माझे डोळे मिटायच्या आत पोराचं कार्य होऊ दे, आणि गोदूबाईनं, जिनं बारा वर्षं तो विषय काढणाऱ्याला दारातून हाकललं होतं, मुकाट्यानं मान हलवली होती. ती आता खाली बसून अमृतच्या वस्तू एका फडक्यात बांधत होती. सदरा, विजार, दाढीचं सामान, बोटीवरच्या टोपीतला फोटो. भटजींनी सांगितलं होतं, त्याच्या अंगाखांद्यावरचं जे असेल ते पुतळ्याबरोबर जाऊ द्या, मागे काही अडकायला नको. मशीन राहील, ते काय यंत्र आहे. पण कॅसेट जायला हवी, तिच्यात त्याचा आवाज आहे. "शेवंती गो, ती कॅसेट दे बघू इकडे," गोदूबाई म्हणाली. "एकदा शेवटचं ऐकूया म्हटलं, पण नको. जीव तुटेल." शेवंतीनं पिशवी ठेवली, मशीन ओढलं, झाकण उघडलं. आत कॅसेट नव्हती. शेजारी तिचं निळ्या कागदाचं कव्हर तेवढं होतं, रिकामं.  म्हणजे गाणं वाजलं ते हेच. म्हणजे कुणीतरी इथे येऊन, झाकण उघडून, कॅसेट घेऊन गेलं. "आत्याबाई, घरी कोण आलं होतं?" शेवंतीनं विचारलं. "कोण येणार? मी देवळात गेलेली, हे झोपलेले," गोदूबाई म्हणाली. "का गो? तोंड असं काय झालंय तुझं?" शेवंतीनं खोलीत नजर फिरवली. मोरी, ओटा, माळ्याची शिडी. "दुर्गा कुठाय?"

तिची लेक दुर्गा घरात नव्हती. दप्तर खुंटीला होतं, चपला नव्हत्या. आणि तेव्हा शेवंतीची भीती एका ठिकाणाहून उठली आणि दुसरीकडे जाऊन बसली. इतका वेळ ती स्वतःसाठी भीत होती, हे आता तिला चैनीचं वाटलं. तो इथे आला, त्याला पोरगी दिसली. आपल्याला पोरगी आहे हे त्याला तिथेच कळलं. त्यानं तिचा हात धरला आणि म्हणाला, चल, तुला एक गाणं ऐकवतो. आणि आता तो तिला समोर बसवेल आणि तिच्या तोंडाकडे बघेल. दुर्गाचं तोंड! सगळं लगेच उमटतं त्या तोंडावर, कारलं खाल्लं की कारलं, गणित चुकलं की गणित. शेवंती चपला न घालताच बाहेर पडली. नळावर चाळीची मालकीण जिजाबाई कळशी विसळत होती, इथल्या जुन्या आगरी घरातली, मिठागरं होती त्यांची. "जिजाबाय, माझी पोरगी दिसली का?" "दिसली ना," जिजाबाई म्हणाली, "मगाशी केबिन रोडला गेली. हातात कायतरी डबी व्हती. मी इचारला कुठं जाते, तं हासली." "एकटी होती? का कुणी होतं बरोबर?" "कोन असनार? न्हाय बा, एकटीच. पन घाईत व्हती." एकटी होती हे शेवंतीच्या कानात शिरलं, डोक्यात शिरलं नाही. तो पुढे गेला असेल, तिला मागून बोलावलं असेल. भिणाऱ्या माणसाला पुरावा लागत नाही, आणि मिळाला तर नकोसा वाटतो. ती धावत सुटली. खडे टोचत होते. मिठागरांकडून खारट वारा येत होता. कुणीतरी ओळखीचं "काय गो, काय झालं?" म्हणून ओरडलं, पण ती थांबली नाही. दुर्गाला पाठीशी घालायचं आणि त्याला सांगायचं, तिला नको बसवूस, मला बसव, मी ऐकते, मला आता सगळं येतं, कुठे डोळे मिटायचे ते येतं, काय आवडलं ते सांगता येतं. हे ती खरंच मनात घोकत होती. रस्त्याच्या कडेनं अनवाणी धावणारी चौतिशीची बाई, आणि तिच्या ओठांवर नवऱ्याला द्यायची उत्तरं.

सदूच्या दुकानात दिवा लागला होता. दुर्गा आत, रस्त्यावरून न दिसणाऱ्या कोपऱ्यात, उंच स्टुलावर बसून पाय हलवत होती. फळीवर दोन मशीनं समोरासमोर, मधे वायर. पांढऱ्या शर्टाचा माणूस अजून तिथेच होता. तो इस्त्री घेऊन वळला तेव्हा त्याला मिशा होत्या, पोट होतं, आणि तो चेहरा शेवंतीनं जन्मात पाहिला नव्हता. "सदू, जल गया तो फिर लाऊंगा हां," असं म्हणून तो तिच्या अंगावरून निघून गेला. शेवंतीनं फळीला हात टेकला. तिला हायसं वाटलं. एवढं हायसं, की कोंडलेला श्वास एकदम सुटला, आणि ते हायसं वाटणं म्हणजे काय हे कळल्यावर तिला स्वतःची शिसारी आली. नवरा नाही, हे कळून ती सुटली होती. उद्या सगळ्यांदेखत ऊर बडवायचा आणि आज ही अशी.

"या वहिनी," सदू म्हणाला. "झालंच तुमचं. ह्या पोरीनं तर आज माझं दुकान जपानला नेलंय. दोनदा लोक विचारून गेले, ही भाषा कुठली म्हणून. म्हणते, जुनी कॅसेट उद्या जाणारेय, गाणी नवीवर भरून द्या. आणि अट काय, तर फक्त गाणी! मधे जो माणूस बोलतो तो नको. बोलायला लागला की मी आपलं इकडचं बटण उचलायचं, गाणं आलं की दाबायचं. एकदा हात चुकला तर ओरडली माझ्यावर, काका, पुन्हा भरा!" तो हसला. दुर्गा आईकडे बघत होती. चोरी पकडल्यासारखी, पण हटून बसलेली. तेवढ्यात शेवटचं गाणं संपलं आणि सदूच्या त्या मोठ्या स्पीकरमधून अमृत बोलला. 'शेवंते, झाली बघ. हीच चांगली आहेत. मी आणखी शोधतोय, मिळाली की भरीन.' घरातल्या त्या छोट्या जाळीतून आवाज नेहमी चेपलेला यायचा. इथे तो मोकळा, पूर्ण आला, मधे घेतलेल्या श्वासासकट. "कोण हो हा?" सदूनं विचारलं. "पोरगाच वाटतो. मिसरूड फुटलेला." शेवंतीनं मान वर केली. पोरगा. खरंच की. चोवीस वर्षांचा होता तो. कारखान्यात पॉलिशवर जी पोरं आहेत, जी तिला मावशी म्हणतात, डबा विसरली की तिच्या डब्यातली चपाती मागतात, ती ह्याच्याहून थोराड आहेत. आपल्याला आवडलं ते दुसऱ्या कुणाला आवडावं म्हणून एवढा आटापिटा करणारा पोरगा. ह्याला भिऊन ती मघाशी रस्त्यातून धावत होती. तिला त्याची दया आली, पोटातून आली, आणि तरीही भीती काही गेली नाही. दोन्ही एकमेकांना न ओळखता शेजारी बसून राहिल्या.

"मग, घेऊ का हे पण?" सदू म्हणाला. "अजून टेप चढवलेलीच आहे. पुन्हा सगळं बोलणं मधे मधे घालायला जरा वेळ लागेल, पण करतो. उद्या गेली की गेली, वहिनी." त्यानं बटणावर बोट ठेवून वाट पाहिली. शेवंतीला वाटलं, ह्यालाच विचारावं, माणसाचा आवाज जाळणं पाप असतं का. दुर्गानं पाय हलवायचे थांबवले होते. "नको," शेवंती म्हणाली. "पोरीनं सांगितलं तेच ठेवा." सदूनं नवी कॅसेट दुर्गाला दिली आणि जुनी काढून शेवंतीच्या हातात ठेवली. मशीनमध्ये फिरून ती कोमट झाली होती.

दोघी निघाल्या. केबिन रोडवर आता गर्दी वाढली होती, कारखाने सुटले होते. दुर्गानं आईच्या पायांकडे पाहिलं. "आई, तू अनवाणी आलीस? एवढी धावत का आलीस तू? मी सांगणारच होते तुला घरी आल्यावर."

"मला वाटलं..." शेवंती म्हणाली आणि थांबली. मग म्हटलं, बोलून टाकावं, नाहीतरी उद्यापासून बोलण्यासारखं काही राहणार नाही. "मला वाटलं, तुझे बाबा आले."

दुर्गा भर रस्त्यात उभी राहिली. तिचा हात आईच्या हातात होता, तो एकदम घट्ट झाला, नखं रुतली. "आलेत?"

"नाही गं. कुठले येतायत."

पोरीनं श्वास सोडला. लांब, खोल, बराच वेळ कोंडलेला. तिचे खांदे खाली आले. शेवंतीला तो श्वास ओळखू आला; मघाशी सदूच्या फळीशी तिनं स्वतः तोच सोडला होता. तिला धक्का बसला. ह्या पोरीला कसली भीती? तो तिला कधी ओरडला नाही, कधी समोर बसला नाही, ती जगात आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. आजीनं तर जन्मापासून सांगितलेलं, तुझा बाबू असा नि तुझा बाबू तसा, बाहुली घेऊन येईल. "दुर्गे," ती म्हणाली, "तू कशाला घाबरतेस त्यांना? त्यांनी तुला पाहिलंसुद्धा नाही."

"मी नाय घाबरत," दुर्गा लगेच म्हणाली. मग थोडं चालून झाल्यावर, चपलेनं खडा ढकलत ढकलत, "ते बोलायला लागले ना, की तुझं तोंड कसंतरी व्हायचं. मी लहान असल्यापासून बघतेय. तू अशी ताठ बसायचीस, आणि तुझ्या मानेवर शीर यायची. मला पोटात कसंतरी व्हायचं. मग गाणं लागलं की तू परत नीट व्हायचीस. ते एक हळू गाणं आहे ना, त्याला तर तू हसतेस पण, तुला माहीत नाय. मी वाट बघत बसायचे ते कधी येतंय त्याची." ती आईकडे न बघता बोलत होती. "म्हणून मी सदूकाकांना सांगितलं, बोलणं काढा. आजी म्हणाली कॅसेट जाणार, म्हटलं गाणी तरी राहू देत तुला. आता तू नुसती गाणी ऐक. मधे कोण येणार नाय."

शेवंतीला काहीतरी म्हणायचं होतं. शाबास म्हणावं, का रागवावं, का पोरीला इथेच छातीशी धरावं. अमृत शेवंतीच्या तोंडाकडे बघायचा, आणि तिला वाटायचं तो एकटाच बघतो. आणि त्या सगळ्या रविवारांत कोपऱ्यात बसून ही एवढीशी पोर तेच तोंड वाचत होती, त्यावरून भीती शिकत होती, पाढे शिकावेत तशी. ते शिकवणारा कोबेला हरवलेला पोरगा नव्हता. शिकवत होती ती स्वतः, समोर बसून, न बोलता. डोळ्यांत आलेलं तिनं आवरलं नाही. तिनं एका हातानं पोरीचा हात धरून ठेवला आणि दुसऱ्या हातानं पदर पार कपाळाखाली ओढून घेतला, कारण दुर्गा आता मान वर करून तिच्या तोंडाकडे बघत होती.